फिश टँकचा पंप धुतला तरी पुन्हा घरघरतो: आवाज नेमका कुठून येतो आणि नवा पंप घेताना काय बघायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. पंप नवा होता तेव्हा चालू आहे की बंद, हे वाकून बघावं लागायचं. तीन-चार महिन्यांनी घरघर सुरू झाली. काढून धुतला, पंधरा दिवस शांत गेले, परत घरघर. दुकानदार म्हणाला, हा लहान पडतोय, मोठा घ्या. मोठा घेतला, तर तो पहिल्या दिवसापासूनच आवाज करतो. शेवटी घरातलं कोणीतरी झोपताना पंपाचं बटण बंद करायला लागतं आणि माशांचे हाल तिथून सुरू होतात.

म्हणून बाकी सगळ्याच्या आधी एक सांगतो: रात्री पंप बंद करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना वाहत्या पाण्यातून सतत प्राणवायू लागतो. पाणी थांबलं की फिल्टरच्या आत तो झपाट्याने संपतो, आणि सकाळी बटण दाबलं की आत साचलेलं घाण पाणी टाकीत येतं. टाकीत खरी झाडं असतील तर अंधारात तीही प्राणवायूच वापरतात. उन्हाळ्यात तर गणित आणखी तंग असतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या वरच असतं. मासे सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले की बरेच जण खाद्य बदलतात किंवा औषध घालतात. आधी रात्री पंप कोण बंद करतं ते विचारा.

तेव्हा आवाजच घालवायला हवा. आणि त्यासाठी आधी एक ठरवावं लागतं: आवाज पंपाचा आहे की तो बसवलाय त्या जागेचा? हे ठरवल्याशिवाय नवा पंप घेण्यात अर्थ नाही, कारण जागेचा दोष असेल तर नवा पंपही तीच घरघर करणार.

बादलीची चाचणी

प्लग काढा, पंप टाकीतून बाहेर घ्या. एक बादली पाण्याने भरा. पंपाला सुतळी बांधून तो पाण्याच्या मधोमध अधांतरी लटकवा. बादलीच्या कडेला किंवा तळाला कुठेही टेकू देऊ नका. वायरने लटकवू नका, वायर जिथे पंपात शिरते तो सांधा कमकुवत होतो. पंप पूर्ण बुडाल्यावर मगच प्लग लावा आणि चालू असताना पाण्यात हात घालू नका. दोन मिनिटं ऐका.

बादलीत पंप शांत असेल तर पंप चांगला आहे, आवाज टाकीत बसवण्यातून येतोय. बादलीतही खडखडत असेल तर दोष आत आहे. माझ्या अनुभवात अशी तक्रार आलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत पंप बादलीत शांत निघतो.

बादलीत शांत, टाकीत घरघर

आपल्या घरी येणारी वीज 50 हर्ट्झची. साध्या एसी पंपात चुंबकाचा रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, त्या लयीत सेकंदाला 50, म्हणजे मिनिटाला 3000 फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात त्याला बारीक हिसके बसतात. ही थरथर हवेतून फारशी ऐकू येत नाही, पण पंपाचं अंग काचेला टेकलं की काच थरथरते, काचेखालचा लाकडी कट्टा थरथरतो आणि आतून पोकळ प्लायचं कॅबिनेट ढोलासारखं वाजतं. हात लावून बघा: कॅबिनेटच्या दारावर तळवा ठेवला आणि आवाज कमी झाला, तर चोर सापडला.

उपाय साधे आहेत. पंपाचे रबरी सक्शन कप वर्ष-दीड वर्षात कडक होतात. कडक कप थरथर शोषत नाही, ती तशीच पुढे देतो. चार नवे कप फार तर पन्नास-शंभर रुपयांना मिळतात. कप नकोच असतील तर पंपाखाली फिल्टरच्या स्पंजाचा जाड तुकडा ठेवा. पंपाला कडक पीव्हीसी पाइप थेट जोडलेला असेल तर मध्ये वीतभर मऊ सिलिकॉनची नळी घाला. थरथर पाइपातून वर चढते आणि पाइप जिथे काचेच्या काठाला टेकतो तिथे वाजते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टॉप फिल्टर, म्हणजे टाकीच्या वर बसणारा फिल्टर, असेल तर त्याचं प्लास्टिकचं झाकण तपासा. अनेकदा सगळा आवाज त्या सैल झाकणाचाच असतो, काठावर फोमची पट्टी लावली की काम होतं.

पाण्याचे आवाज वेगळे. सुर्र-सुर्र, मधूनच गुळगुळ असं ऐकू येत असेल तर पंप हवा ओढतोय. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी दोन-तीन बोटं खाली गेली की हे होतंच. पाणी भरलं की थांबतं. कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, साफसफाईनंतर आत अडकलेली हवा असाच आवाज करते. डबा चालू असताना हळूहळू चारी बाजूंना तिरपा करा, बुडबुडे निघून जातील. एक दिवसानंतरही बुडबुडे येत राहिले तर झाकणाची रबरी रिंग बघा, ती सुकून बारीक चिरलेली असते.

बादलीतही खडखडतो

आता पंप उघडायचा. बहुतेक पंपांत पुढची जाळी काढली की एक गोल टोपण येतं, ते फिरवून किंवा ओढून निघतं. त्याखाली पांढऱ्या किंवा निळ्या पात्यांचा इंपेलर, म्हणजे रोटर आणि त्यावरची पाती, दिसतो. तो बोटांनी धरून सरळ वर ओढा. आतलं लोखंड चुंबकाला धरून ठेवतं, त्यामुळे आधी तो हटत नाही आणि मग एकदम सुटून हातात येतो. त्या झटक्यात शाफ्ट, म्हणजे रोटर ज्यावर फिरतो ती बारीक काडी, मोडू नये म्हणून तिरपा ओढू नका. सिरॅमिकचा शाफ्ट काचेइतकाच ठिसूळ असतो.

हातात आलेल्या रोटरकडे उजेडात बघा. काळ्या चुंबकावर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर असेल तर ती शेवाळ-जिवाणूंची साय आहे, जुन्या टूथब्रशने निघते. पांढरा, खरखरीत, नखाने खरवडला तर भुकटी पडणारा थर असेल तर ते क्षार. चुंबकावर एका बाजूला चकचकीत घासल्याची पट्टी दिसली तर रोटर आतल्या भिंतीला लागतोय. आता शाफ्टवरून नख फिरवा. गुळगुळीत असेल तर ठीक. नख अडकेल अशी खाच लागली तर शाफ्ट झिजलाय आणि कितीही धुतलं तरी खडखड परत येणारच. शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबराचे बारीक बुश, म्हणजे शाफ्ट धरून ठेवणाऱ्या टोप्या, असतात. त्यातला एक बुश धुताना सिंकमध्ये वाहून जातो आणि नंतर पंप का वाजतो ते कळत नाही. म्हणून पंप नेहमी वाडग्यात उघडा.

पाती आणि चुंबक यांच्यात थोडा ढिलेपणा जाणवेल. पाती बोटाने फिरवली तर अर्ध्या फेऱ्यापर्यंत मोकळी फिरतात आणि मग अडतात. हा दोष नाही, पंप सुरू होताना चुंबकाला आधी वेग घेता यावा म्हणून तशीच रचना असते. तिथे फेविक्विक लावून ते घट्ट करणारे लोक आहेत. तसं केलं की पंप सुरूच होत नाही, नुसता गुरगुरतो.

रोटर बसतो ती विहीर, म्हणजे आतला पोकळ दंडगोल, टॉर्च मारून बघा. वाळूचा एक कण, झाडाच्या मुळाचा तंतू किंवा तांदळाएवढी गोगलगाय तिथे बसलेली असते. टाकीत लांबट शंखाच्या बारीक गोगलगायी झाल्या असतील तर त्या जाळीतून आत शिरतात. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने विहीर पुसून घ्या आणि पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांचा स्पंज चढवा. मात्र हा स्पंज आठवड्याला पिळून धुवावा लागतो. तो तुंबला की पंपाला पाणी कमी पडतं आणि तोही आवाज करायला लागतो.

क्षार काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, किंवा ग्लासभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. फक्त रोटर आणि टोपण त्यात अर्धा तास बुडवा. विहिरीत तेच पाणी ओता, फसफसणं थांबलं की ब्रशने घासा आणि सगळं चांगलं खळखळून धुवा. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नको. फिल्टरचा स्पंज मात्र या भानगडीत आणू नका. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यातले जिवाणू मारतं.

चुंबक फुगलेला किंवा त्याचं आवरण तडकून गंज दिसत असेल तर तो इंपेलर टाकून द्या. आणि पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या तर पंपच टाकून द्या, तिथे दुरुस्तीचा विचारही नको.

पंधरा दिवसांनी परत का?

स्वच्छ करून, नवे बुश घालूनही आवाज परत येत असेल तर पाण्याकडे बघायला हवं. मुंबईत महापालिकेचं पाणी तलावांचं, ते मऊ असतं. पुण्यात धरणाचं पाणी मिळतं त्या भागांतही क्षारांचा त्रास फारसा नाही. पण शहराच्या कडेच्या सोसायट्यांत, जिथे बोअर आणि टँकरवर भागतं, तिथे तोच पंप काही आठवड्यांत पांढरा पडतो. बाथरूमच्या नळावर पांढरे डाग पडत असतील तर पंपाच्या आतही तेच चाललंय.

त्यात आपली एक सवय भर घालते. पाणी उडालं की वरून बादलीभर बोअरचं पाणी ओततो. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच राहतात. प्रत्येक भरणीला नवे क्षार येतात आणि जुने कुठे जात नाहीत. तीन महिन्यांत टाकीचं पाणी बोअरपेक्षाही जड होतं. पंपाचं अंग गरम असतं, म्हणून सगळ्यात आधी थर तिथेच बसतो. उडालेल्या पाण्याची भरपाई घरच्या आरओच्या शुद्ध पाण्याने करा आणि आठवड्याला टाकीचं पाव पाणी काढून बदला. टाकी झाकलेली असेल तर पाणी उडतंही कमी. हे केलं की पंप धुण्यातलं अंतर आपोआप लांबतं. टाकीत फक्त आरओचं पाणी मात्र नको, माशांना काही क्षार लागतातच.

आणखी एक प्रकार आहे, तो ओळखायला सोपा: आवाज फक्त वीज गेल्यावर येतो. दोष इन्व्हर्टरचा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे पंप मोठ्याने गुणगुणतात आणि तापतातही. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर फरक कळत नाही. वीज वारंवार जाते त्या गावांत पंप बदलण्याआधी हे तपासावं. तसंच संध्याकाळी व्होल्टेज पडलं की एसी पंप न फिरता नुसता गुरगुरत राहतो. तेव्हा प्लग काढून ठेवा, व्होल्टेज आल्यावर लावा.

नवा पंप घ्यायचाच असेल तर

शाफ्ट झिजलाय, इंपेलर वेगळा मिळत नाही, अशा वेळी नवा घ्यावाच. इथे "मोठा घ्या" हा सल्ला ऐकू नका. आधी टाकीचं पाणी मोजा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. 3 फूट बाय दीड बाय दीडची टाकी साधारण 190 लिटरची. वाळू, दगड, वरची मोकळी जागा वजा जाता 160 धरा. ताशी चार ते पाच वेळा पाणी फिरलं तरी पुरे, म्हणजे प्रत्यक्षात 650 ते 800 लिटर. बेट्टा मासा असेल तर त्याहूनही कमी, त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही.

आता खोक्यावरचे दोन आकडे: जास्तीत जास्त प्रवाह आणि जास्तीत जास्त उंची. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. 1500 लिटर आणि दीड मीटर लिहिलेला पंप 1500 लिटर देतो तो शून्य उंचीला, आणि दीड मीटरवर देतो शून्य लिटर. उंची मोजायची ती पंपापासून नाही, पाण्याच्या पृष्ठभागापासून. टाकीतल्या टाकीत पाणी फिरवणाऱ्या इंटरनल फिल्टरला उंची जवळपास शून्यच. टॉप फिल्टरला वीतभर. तिथे दोन-अडीच मीटरचा पंप म्हणजे ताकद फुकट आणि आवाज जास्त. मात्र कॅबिनेटमध्ये खाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, ठेवला असेल आणि पाणी चार फूट, म्हणजे 1.2 मीटर वर चढवायचं असेल, तर वरचा तोच दीड मीटरचा पंप, सरळ हिशेबाने, तीनशेच लिटर देईल. संपसाठी जास्तीत जास्त उंची अडीच-तीन मीटर असलेला पंप बघावा आणि नळी त्याच्या तोंडाच्या मापाचीच ठेवावी. नळी अरुंद केली किंवा काटकोनातले चार एल्बो घातले की प्रवाह पडतो आणि पाण्याचा आवाज वाढतो.

विजेचं गणित तोंडी करता येतं. पंप वर्षभर चोवीस तास चालतो, म्हणून वॅटला 8.76 ने गुणा, की वर्षाची युनिटं मिळतात. 25 वॅटचा पंप 219 युनिटं खातो, 10 वॅटचा 88. महावितरणच्या बिलात ही युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात, कारण पंप नसता तर ती वापरलीच गेली नसती. युनिटला 10 रुपये धरले तर फरक वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास. चांगला पंप महाग वाटतो तो खोक्यावरच्या किमतीत. दोन वर्षांचं बिल धरलं की चित्र बदलतं. शिवाय बुडालेल्या पंपाने घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला लोक पंखे लावतात. तिथे 15 वॅट कमी होणं ही मोठी मदत आहे.

माझा ठोकताळा असा: खोक्यावरचे लिटर भागिले वॅट. कमी उंचीच्या पंपात उत्तर 50-60 आलं तर साधारण, 80-100 आलं तर चांगला. तुलना सारख्या उंचीच्या पंपांतच करा. खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर मी विसंबत नाही, किती अंतरावरून मोजलं ते लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा दुकानात बादलीत लावून बघा. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत हे सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. पाच-सहा वेळा चालू-बंद करा. एसी रोटर कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरायला लागतो. दोन्हीकडे शांत असायला हवा.

डीसी पंपांबद्दल, म्हणजे अडॅप्टर आणि कंट्रोलरवर चालणाऱ्या पंपांबद्दल, सारखं विचारतात. ज्याला संप आहे किंवा 200 लिटरच्या वरची टाकी आहे, त्याने जरूर घ्यावा. वेग कमी-जास्त करता येतो, हा खरा फायदा. वेग 80 टक्क्यांवर आणला तर प्रवाह साधारण तेवढाच खाली येतो, पण वीज घनाच्या प्रमाणात (0.8 × 0.8 × 0.8) घटते, म्हणजे जवळपास निम्मी. एसी पंपाच्या पुढे व्हॉल्व्ह लावून प्रवाह कमी करता येतो, पण विजेत तेवढी बचत होत नाही. आणि व्हॉल्व्ह लावायचाच तर पाणी बाहेर पडतं त्या बाजूला लावा. आत घेण्याच्या बाजूला दाबलं तर पंप कडकडतो. डीसी घेताना एक प्रश्न नक्की विचारा: वीज जाऊन आली की पंप आपोआप, आधीच्याच वेगाने सुरू होतो का? काही कंट्रोलरचं बटण पुन्हा दाबावं लागतं. आपल्याकडे असा पंप घरात कोणी नसताना धोक्याचा.

दोन फुटांच्या, पन्नास-साठ लिटरच्या टाकीला मात्र पाण्याचा पंप हवाच असं नाही. स्पंज फिल्टर आणि तीन-चार वॅटचा एअर पंप पुरतो. तो टाकीवर ठेवू नका, भिंतीतल्या खिळ्याला दोरीने टांगा किंवा स्पंजावर ठेवा. अर्धा आवाज तिथेच जातो. उरलेल्या आवाजाचं कारण बहुधा तुंबलेला एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) किंवा सैल पडलेला रबरी पडदा असतो. दोन्ही स्वस्तात बदलतात. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर हवेच्या नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

नवा पंप पहिले एक-दोन दिवस थोडा कुरकुरतो. आत अडकलेली हवा निघून बुश नीट बसेपर्यंत थांबा, लगेच परत करायला धावू नका. वायर सॉकेटकडे जाण्याआधी एकदा खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. घरात 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर टाकीच्या सर्किटला तरी बसवून घ्या. आणि पंप घेतलात त्याच दिवशी, त्याच दुकानातून त्याच मॉडेलचा एक जादा इंपेलर आणि बुशची जोडी घ्या. वर्षाने ते मॉडेल मिळेलच असं नसतं.